दोन बर्नर, चौदा पानं आणि ओव्हनची यादी

प्रिय मावशी,
आम्ही गेल्या वर्षी सिडकोतून इंदिरानगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. यंदा गुढीपाडव्याचं जेवण पहिल्यांदाच माझ्याकडे आहे. चौदा माणसं. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी, मिक्सर, दोन कुकर आणि लहानसा फ्रिज. ओव्हन नाही. श्रीखंड-पुरी, वरण-भात आणि मसालेभात ठरलाय, अडलंय ते सोबतच्या पदार्थांवर. पाडव्याला येणाऱ्या बंगळुरूच्या ननंदबाईंनी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली आहे: रोस्टेड बटाटे, भरून बेक केलेली सिमला मिरची, चीज घातलेल्या भाज्यांचं बेक आणि गार्लिक ब्रेड. सगळ्याला ओव्हन लागतो. हे म्हणतात, एक ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) घेऊनच टाकू. सासूबाई त्या दिवशी नैवेद्य असतो म्हणून कांदा-लसूण घालू देत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह आहे. ओव्हनशिवाय पान अगदीच साधं दिसेल का? आणि मला एकटीला हे निभेल का?
ता.क. सासूबाईंच्या पितळी वाट्या माळ्यावर आहेत. त्या काढू का?
– गोंधळलेली सून, इंदिरानगर, नाशिक

मला मावशी म्हटलंस, म्हणजे अहो-जाहो करायची माझी सुटका झाली. तर ऐक.

आधी ओटीजीचं बोलू, कारण त्यात पैसे जायचेत. घरगुती ओटीजीत एका वेळी एक ट्रे बसतो. त्यात भाज्या एका थरात पसरल्या तरच त्या भाजल्या जातात, ढीग केला की शिजून लिबलिबीत होतात. एका थरातलं चार-पाच माणसांना पुरतं. म्हणजे चौदा माणसांसाठी तीन घाणे. आधी दहा-पंधरा मिनिटं तापवायचं आणि मग दर घाण्याला निदान अर्धा-पाऊण तास. तिसरा घाणा बाहेर येतो तोवर पहिला गारढोण. शिवाय पाडव्याच्या सुमाराला नाशिकची दुपार पस्तिशीच्या पुढे गेलेली असते. त्यात बंद स्वयंपाकघरात शेगडी आणि तापलेला ओव्हन शेजारी-शेजारी म्हणजे पुरीबरोबर तूही तळली जाशील. मोठा ओटीजी दीड-दोन हजार वॅट खातो, त्याला मोठा, सोळा अँपियरचा प्लग लागतो. तो तुझ्या ओट्याजवळ आहे का, ते ह्यांना आधी बघायला सांग. केकची हौस असेल तर ओव्हन जरूर घ्या, पण पाडवा झाल्यावर निवांत. नवीन यंत्राची ओळख सणाच्या दिवशी करून घेऊ नये. मी एकदा पाहुणे दारात असताना नव्या मिक्सरचं झाकण नीट न लावता चटणी फिरवली होती. ओट्यावरच्या टाइल्सच्या फटींतला हिरवा रंग पुढचे दोन महिने दिसत होता.

आता तुझ्या घोळाच्या मुळाशी येते. पानाच्या डाव्या बाजूला ओव्हनची उणीव कधी भासलीच नाही, कारण ती बाजू मुळात चुलीवरच फारशी अवलंबून नव्हती. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड-कुरडई, भरीत. यातलं बरंचसं विस्तवाला शिवतही नाही आणि जे शिवतं ते आदल्या दिवशी शिवून ठेवता येतं. चूल एकच असायची आणि त्यावर पुरणाचं नाहीतर भाताचं पातेलं चढलेलं असायचं. बाकीच्या चवी चुलीबाहेरच जमवायला लागायच्या. भट्टीसारखी एकच गोष्ट होती ती गच्चीवर, डोक्यावरचं ऊन. कुरडया, सांडगे, सांडगी मिरच्या ह्याच दिवसांत वाळत पडतात आणि वर्षभर पानात येतात.

म्हणजे तुला खरी टंचाई आहे ती बर्नरची, आणि तीही शेवटच्या एका तासात. हिशेब कर. पानं वाढायला घेतलीस की एक बर्नर पुरीच्या कढईने अडवला, तो जेवणं उठेपर्यंत सुटत नाही. उरला एक. त्यावर वरण गरम करायचंय, मसालेभाताला वाफ द्यायचीय. मग त्या तासात सोबतच्या पदार्थांपैकी किती जणांनी आग मागावी? एकानेच. बाकीचे सगळे थंड किंवा कोमट वाढता येतील असेच निवड. एवढी एक गोष्ट पक्की केलीस की यादी आपोआप लागते.

पाडवा आणि नाशिक, दोन्ही एकत्र आल्यावर मी द्राक्षांपासून सुरुवात करते. हंगाम संपत आलेला असतो, मण्यांत साखर पुरेपूर भरलेली असते आणि भावही उतरलेले असतात. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जा, नाहीतर भद्रकालीत. पण घड हातात घेऊन देठ बघ. देठ हिरवा असेल तर माल ताजा, काळपट-वाळका असेल तर पुढे चल. घडातून सुटे झालेले मणी स्वस्त मिळतात आणि कोशिंबिरीला ते चालतात, मात्र त्याच दिवशी वापरायचे. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात घालून ठेव आणि मग वाहत्या पाण्याखाली चोळून दोनदा धू. बागेत किती वेळा फवारणी होते हे नाशिककरांना सांगायला नको.

द्राक्षाची कोशिंबीर आमच्या पंचवटीतल्या वाड्यात पाडव्याला ठरलेली असायची. चौदा माणसांना पाऊण किलो द्राक्षं पुरे. मणी उभे अर्धे चिरायचे. अख्खे ठेवलेस तर दही त्यांना धरत नाही आणि वाढताना ते पानभर पळतात. श्रीखंडासाठी चक्का आणशील किंवा बांधशील, त्यातला वाटीभर बाजूला काढ आणि वाटीभर साध्या दह्यात घुसळ. नुसत्या दह्यापेक्षा हे दाट होतं, पाणी सुटलं तरी सांभाळून घेतं. आता यातली खरी गंमत मोहरीची. चमचाभर मोहरी मिक्सरमधून कोरडी फिरवून घे आणि दोन चमचे गार पाण्यात फेस. वाटीत चमच्याने गोल गोल, पाच मिनिटं, नाकाला झणका येईपर्यंत. पाणी गारच हवं. मोहरीचा तिखटपणा गार पाण्याशी गाठ पडल्यावर तयार होतो, गरम पाणी घातलंस तर तो जागच्या जागी मरतो आणि उरतो फक्त कडवटपणा. फेसलेली मोहरी, बारीक हिरवी मिरची आणि चवीला साखर दह्यात कालवून ठेव. द्राक्षं आणि मीठ मात्र पानं मांडल्यावरच घालायचं.

हे मी अनुभवाने सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला हुशारी करून सकाळी आठलाच कोशिंबीर मिठासकट कालवून ठेवली. दीड वाजता झाकण काढलं तर वर पाणी आणि तळाशी सुरकुतलेले मणी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पळी घेतली, पाणी एका पेल्यात ओतलं, त्यात जिरेपूड घातली आणि सासऱ्यांना पन्ह्यासारखं दिलं. त्यांनी दुसरा पेला मागितला. पण दर वेळी नशीब इतकं साथ देत नाही.

सासऱ्यांसाठी द्राक्षाची चमचाभर चव पुरे, त्यांच्या पानात खमंग काकडी जास्त वाढ. काकडी चोचव, किसू नकोस, किसलेली फार लवकर पाणी सोडते. दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं आणि वर तुपात जिरं-मिरचीची फोडणी. साखर वगळलीस तरी काकडीची स्वतःची गोडी असतेच. इथेही कूट आणि मीठ शेवटी. आणि त्यांच्यासाठी वेगळं काही 'पथ्याचं' म्हणून बाजूला मांडू नकोस, बिचारे ओशाळतात. काकडी सगळ्यांनाच वाढ, त्यांना दोनदा वाढ. श्रीखंड किती घ्यायचं ते त्यांचं आणि सासूबाईंचं बघून घेतील.

आंबेडाळ करच. चैत्र सुरू होतोय, पहिली कैरी बाजारात आलेली असते, आणि चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती होतच राहते, म्हणून हात बसलेला बरा. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ पहाटे उठल्याबरोबर भिजत घाल, चार-पाच तास पुरतात. रात्रीपासून भिजवलीस तर ह्या उकाड्यात ती आंबूस होते. रात्रीच भिजवायची असेल तर फ्रिजमध्ये. मग चाळणीत उपसून पंधरा-वीस मिनिटं निथळू दे, हे टाळू नकोस. ओल्या डाळीचं मिक्सरमध्ये पीठ होतं आणि आंबेडाळीचा पिठल्याचा चुलतभाऊ होऊन बसतो. मिक्सरचं बटण उलटं, थांबून थांबून फिरव. दाताखाली कण आला पाहिजे. डाळीबरोबरच तीन-चार हिरव्या मिरच्या वाटून घे. मग एक चांगली कैरी किसून घाल. किती, ते कैरीच सांगेल. आधी अर्धी घालून चाख. मीठ, थोडी साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणी तेलाची, मोहरी-हिंग-हळद आणि सढळ हिंग. कच्च्या डाळीला हिंगाची गरज असते, चवीसाठी आणि पोटासाठीही. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर ओत. गरम ओतलीस तर डाळ अर्धवट शिजते आणि चिकट होते. वाढायच्या तासभर आधी सगळं कालवलं तर कैरी डाळीत मुरते. कोशिंबिरीच्या बरोब्बर उलट. कांदा नाही, लसूण नाही, सासूबाई खूष. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्याविना सण करायचा म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ विकत आणण्यासारखं वाटतं खरं, पण ह्या पानात तो कुणाला आठवणारही नाही. कुणाला आठवलाच तर नैवेद्य दाखवून झाल्यावर चिरून वेगळ्या वाटीत ठेव.

कडुलिंबाच्या चटणीबद्दल फार सांगत नाही, ती सासूबाईंच्या हातची होऊ दे. कोवळी पानं, मिळाला तर फुलोरा, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ. बोराएवढी गोळी माणशी. मुलं तोंड वाकडं करतात, करू देत.

आता ननंदबाईंची यादी. ती फेकून देऊ नकोस, त्यातल्या दोन गोष्टी फार चांगल्या आहेत. फक्त ओव्हन नेमकं काय करतो ते समजून घेतलं की ओव्हन वगळता येतो.

बटाटा ओव्हनमध्ये तांबूस-खमंग होतो तो कोरड्या उष्णतेने. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. रंग आणि खमंगपणा येतो तो साधारण एकशे चाळीसच्या पुढे. म्हणजे आधी पृष्ठभागावरचं पाणी घालवायचं आणि मग भरपूर तापलेल्या जागी त्याला स्वस्थ बसू द्यायचं. हे काम जाड लोखंडी तवा ओव्हनपेक्षा लवकर करतो, कारण धातू बटाट्याला थेट चिकटलेला असतो. दीड किलो लहान बटाटे आदल्या रात्री कुकरमध्ये उकड, पण गाळ होऊ देऊ नकोस, दोन शिट्ट्यांत उतरव. गार झाले की फ्रिजमध्ये, झाकण न लावता. रात्रभरात साल कोरडी होते आणि आतला पिष्टाचा गाभा घट्ट बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो तव्यावर फुटत नाही. दुपारी वाटीच्या बुडाने प्रत्येक बटाटा हलकेच दाबून चपटा कर, अर्धा सेंटीमीटर भेग पडली पाहिजे. तापलेल्या तव्यावर तीन-चार चमचे तेल, हिंग, जिरं आणि बटाटे एका थरात. आणि मग हात बांधून उभी राहा. सहा-सात मिनिटं उलथनं उचलायचं नाही. आपल्या बायकांना हेच जड जातं, आपण परतत राहतो आणि मग म्हणतो कुरकुरीत होत नाही. खालची बाजू सुटून आली की उलट. शेवटी धणे-जिरेपूड, भाजलेले तीळ, आमचूर, मीठ, लाल तिखट. मसाला आधी घातलास तर जळून कडू होतो. दोन घाणे होतील. शेवटच्या तासात ज्या एका पदार्थाला आग द्यायची, तो हाच.

सिमला मिरचीचं मात्र भरण्याचा हट्ट सोड. चौदा मिरच्या कोरायच्या, सारण करायचं, भरायचं, आडव्या पडू नयेत म्हणून टेकू द्यायचे, यात तुझा सकाळचा तास जाईल आणि पानात ती एक अख्खी मिरची बाकी सगळ्यांची जागा खाईल. त्यापेक्षा पीठ पेरून कर, चव तीच. किलोभर मिरची मोठ्या फोडी करून, पसरट पातेल्यात मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीवर टाक, मीठ घाल आणि झाकणी ठेवून तिच्यात पाणी ओत.

झाकणीतल्या पाण्याची ही युक्ती तुझ्या आईकडे नक्की होती, तुलाही ठाऊक असेल. पण ती का चालते हे फार कुणी सांगत नाही. झाकणी गार राहते, वाफ तिला लागून थेंब बनते आणि भाजीवर परत पडते. म्हणजे भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, वरून पाणी घालावं लागत नाही आणि तळाला करपत नाही. ओव्हनला हे जमत नाही, तिथे ओल उडून जाते, म्हणून तर त्या पाककृतींत एवढं बटर आणि चीज ओतावं लागतं. सहा-सात मिनिटांनी झाकणी काढ (पाणी तापलेलं असतं, ते वरणात घालायला ठेव), दीड वाटी बेसन आधीच कोरडं खमंग भाजून ठेवलेलं असेल ते दाण्याचं कूट, तीळ आणि दोन चमचे गोडा मसाला मिसळून वर पेर. कडेने तेल सोड. पुन्हा पाण्याची झाकणी, पाच मिनिटं. मग झाकणी काढून मंद आचेवर तळाला पापुद्रा धरेपर्यंत ठेव. तो पापुद्रा खरवडून वर आण, चीजच्या करपलेल्या थराचा जो मोह आहे ना, तो इथे बेसन पुरवतं. हे अकराला करून ठेवलंस तरी चालतं, कोमटच छान लागतं.

भाज्यांच्या बेकच्या जागी मी भरीत सुचवते. वांग्याला ओव्हनपेक्षा उघडी आच मानवते, कारण धूर ओव्हनमध्ये नसतो. पलीकडे खान्देशात ते काटक्यांच्या जाळावर भाजतात, ते तुझ्या फ्लॅटमध्ये करू नकोस, सोसायटीवाले येतील. गॅसवर जाळी ठेव. दोन मोठी, हलकी वांगी घे. हातात जड लागली तर आत बिया. तेलाचा हात लावून चार-पाच ठिकाणी सुरीने टोचून आदल्या रात्री भाज, तेव्हा दोन्ही बर्नर रिकामे असतात. साल पूर्ण काळी पडून वांगं मऊ बसलं की झाकून ठेव, गार झाल्यावर सोल. वांगं पाण्याखाली धरून सोलायचं नाही, सगळा धूर नळाने वाहून जातो. बोटं काळी झाली तर होऊ देत. गर ठेचून फ्रिजमध्ये. सकाळी त्यात दोन वाट्या घट्ट दही, मीठ, चिमूट साखर, मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची गार फोडणी. कांदा-लसूण नसलेलं हे दह्यातलं भरीत पुरीबरोबर असं काही लागतं की तुझ्या सासऱ्यांच्या पानात मला ते दुसऱ्यांदा दिसतंय.

गार्लिक ब्रेड नको. लसूण चालत नाही आणि पुरीच्या शेजारी ब्रेड कशाला?

अगदीच कुणाला 'बेक' हा शब्द हवा असेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात बोटभर मीठ पसरून, त्यावर स्टँड आणि स्टँडवर ताटली ठेवून, झाकण लावून काम होतं. आमची आई असाच रव्याचा केक करायची, वाळूवर. पण त्यात आच फक्त खालून येते, वरून पदार्थ फिकाच राहतो. जुन्या काळी म्हणूनच झाकणावर निखारे ठेवत. तुझ्याकडे निखारे नाहीत, तेव्हा चीजचा थर सोनेरी होईल ही आशा ठेवू नकोस. आणि रोजचा कुकर कोरडा तापवून त्यात हे प्रयोग करू नकोस, रिंग आणि व्हॉल्व्ह दोन्हीची वाट लागते.

कोथिंबीरवडी तुझ्या मनात असणार, प्रत्येकीच्या असते. आपल्या बाजारात कोथिंबिरीची जुडी एखाद्या दिवशी फुकटात दिल्यासारखी मिळते आणि तेव्हा मोह होतो. पण तिला शेवटी तवा लागतो आणि तवा बटाट्यांनी अडवलाय. दोन्ही केलंस तर दोन्ही अर्धंकच्चं होईल. वडी संध्याकाळच्या चहाला ठेव. उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रिजमध्ये टाक, पाहुणे दुपारची झोप काढून उठले की काप आणि परत. त्या वेळी शेगडी तुझी एकटीची असेल.

कुरडया पुरीच्या आधी तळ, त्याच तेलात. तेल तोवर स्वच्छ असतं. उडदाचे पापड मात्र त्यात तळू नकोस, त्यांचं पीठ तळाशी बसून जळतं आणि पुऱ्यांना काळे ठिपके येतात. पापड भाजून घे. तळलेल्या कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात दोन तास सहज कुरकुरीत राहतात.

म्हणजे दिवस असा जाईल. आदल्या रात्री बटाटे उकडायचे, वांगी भाजायची, कूट करायचं, बेसन भाजायचं, कोथिंबिरीचे उंडे वाफवायचे. सगळं मिळून दीड तास, तेही टीव्ही ऐकत. पाडव्याला पहाटे डाळ भिजवून गुढीच्या तयारीला लाग, तेव्हा स्वयंपाकघरात काहीही करू नकोस. गुढी उभारून झाली की कडुलिंबाची चटणी, मग भरीत कालवणं, दही-मोहरी फेसणं. अकराला सिमला मिरची एका बर्नरवर आणि वरण-भाताचा कुकर दुसऱ्यावर. साडेअकराला डाळ वाटून आंबेडाळ. बाराला मसालेभात आणि त्याच्या शेजारी कुरडया. साडेबाराला तवा चढव, बटाटे. एक वाजता कढई पुन्हा तापव आणि पानं मांडायला सांग. द्राक्षं आणि काकडी कालवणं हे त्या वेळी जो कुणी दारात रिकाम्या हाताने उभा असेल त्याला दे. तुझ्या ह्यांना दे, ओटीजीचे पैसे वाचले त्यांचे.

राहिली गोष्ट ननंदबाईंची. पत्रात तू त्यांच्याविषयी वाईट काही लिहिलं नाहीस, पण 'यादी पाठवली आहे' हे वाक्य तू जरा दात आवळून लिहिलंयस असं मला वाटलं. त्यांच्या घरी ओव्हन आहे, त्यांनी त्यांच्या हातचं चांगलं जे जमतं ते सुचवलं. माहेरच्या सणात आपलाही हात लागावा असं लांब राहणाऱ्या मुलीला वाटतंच. तू त्यांना फोन कर, मेसेज नको. म्हण, "ताई, तुमच्या यादीतले बटाटे आणि सिमला मिरची घेतली, दोन्ही तव्या-पातेल्यात करतेय. बटाट्याचा घाणा तुम्ही उतरवाल का? मला पुऱ्यांतून उसंत मिळणार नाही." त्या हो म्हणतील. आणि साडेबाराला तव्यासमोर त्या उभ्या राहिल्या की तुझा दुसरा बर्नरही मार्गी लागला. फक्त सतत परतू नका एवढं सांगायला विसरू नकोस, आणि ते मी सांगितलंय असं सांग.

पान साधं दिसेल का, असं विचारलंयस. हिरवट द्राक्षं पांढऱ्या दह्यात, पिवळी आंबेडाळ, तांबूस बटाटे, काळसर हिरवी चटणी, शेजारी केशरी श्रीखंड. केळीच्या पानावर वाढ. गोदाघाटावर द्राक्षं घ्यायला जाशील तेव्हा पानंही तिथेच बघ. बघायचं असेल तर पानं मांडून झाल्यावर क्षणभर दारात उभी राहून बघ, नंतर चौदा माणसं बसली की तुला काही दिसणार नाही.

आणि पितळी वाट्या. जरूर काढ, पण आधी आतून बघ. कल्हई चंदेरी आणि सलग असेल तर काहीही वाढ. कुठे पिवळं पितळ उघडं पडलं असेल तर दही, कैरी, लिंबू, चिंच त्यात अजिबात घालायचं नाही. आंबटाने धातू सुटतो, पदार्थ कळकतो आणि पोटालाही बरं नाही. कल्हईवाला आता दारावर फारसा येत नाही, जुन्या नाशकात तांबट लेनला चौकशी कर, आठवडाभर आधी. तोवर नाहीच जमलं तर कोशिंबिरी स्टीलच्या वाट्यांत वाढ आणि सासूबाईंच्या पितळी वाट्यांत कुरडया उभ्या करून ठेव.

– तुझी मावशी